बॉयलरचे विसर्जन

कोरा कागद पुढे ओढला की मी तो आधी उजेडाकडे धरून पाहतो. रोज सकाळी बिबवेवाडीहून येऊन कचेरीच्या फाटकाशी मी माझे टेबल मांडतो, त्याला आता सव्वीस-सत्तावीस वर्षे झाली. या काळात ज्यांचे अर्ज मी लिहिले त्यांपैकी पुष्कळांची समजूत अशी की मी कागदाचा दर्जा तपासतो. एका पेन्शनरांनी तर सरळच विचारले, "आपण कागद पाहता की भविष्य?" मी उत्तर दिले नाही. पक्षकाराच्या प्रत्येक प्रश्नाला तोंडी उत्तर देत बसले तर अर्जात लिहायला काही शिल्लक राहत नाही. परंतु आता माझी पन्नाशी उलटली आहे, लोक फोनवरून तक्रारी करू लागले आहेत आणि यंत्र त्यांना तत्परतेने एक क्रमांक देऊन गप्प करते. अशा वेळी या सवयीमागची हकीकत एकदा मुद्देसूद लिहून ठेवणे माझे कर्तव्य ठरते. ती माझ्या पहिल्या अर्जाची हकीकत आहे. तो अर्ज पूर्णपणे यशस्वी झाला. इतका यशस्वी अर्ज माझ्या हातून पुन्हा झाला नाही, आणि त्यात एक शब्द चुकलेला होता.

आमचे घर नदीकाठच्या एका कागद कारखान्याच्या मागील भिंतीला लागून होते. घर म्हणजे दोन खोल्या व वर पत्रा. शेजारी कारखान्याचे एक जुने गोदाम होते, आणि त्याच्या सपाट छपरावर वाळवण घालण्याचा वस्तीतल्या बायकांचा हक्क कोणत्याही लेखी आदेशावाचून मान्य झालेला होता. भिंतीपलीकडे कागदाचे मशीन अखंड घरघरत असे. पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागत नसे आणि आम्हांला त्यावाचून लागत नसे. मशीन कधी मध्येच थांबले तर वस्तीतली तान्ही मुले दचकून रडू लागत आणि म्हातारी माणसे "काय झालं? कोण गेलं?" म्हणत ओट्यावर येत. ओल्या रद्दीचा, चुन्याचा आणि वाफेचा एक मिश्र वास आमच्या कपड्यांना कायम येई. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायला राजी नसे. मी त्याचा अर्थ त्या वेळी माझ्या बुद्धीचा दरारा असा घेतला होता.

पुणे शहर दिवसभर जे लिहीत असे, छापीत असे आणि विसरत असे, ते शेवटी आमच्या दारावरून जात असे. मंडईतल्या फळांच्या कागदी वेष्टनांपासून शाळांच्या उत्तरपत्रिकांपर्यंत आणि लग्नपत्रिकांपासून कचेऱ्यांच्या निकालात काढलेल्या दप्तरांपर्यंत सगळे गठ्ठे सुतळीने आवळून ट्रकमधून येत. कारखान्याच्या अंगणात जमिनीत बसवलेले एक मोठे गोल पात्र होते. त्यात पाणी आणि रद्दी घालून खालच्या पात्याने घुसळले की लगदा तयार होई. कागदोपत्री त्याचे नाव पल्पर होते, पण सगळे कामगार त्याला हौद म्हणत. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्यामुळे बराच घोटाळा होणार आहे. रद्दीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्ट्या, दुधाच्या थैल्या असा ऐवजही येई. हौदात कागद विरघळे आणि हा ऐवज वर तरंगे. त्याला पन्नी म्हणत. पन्नी काढून, वाळवून कुठे तरी दूर रीतसर टाकावी असा नियम होता. आमच्या कारखान्यात ती वाळवून कोळशाबरोबर बॉयलरच्या भट्टीत टाकली जाई. नियम दूर होता आणि भट्टी जवळ होती.

त्या भट्टीवर माझे वडील फायरमन होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. त्यांच्या हातांवरचे केस जळून गेलेले असत आणि डोळ्यांच्या कडांना काजळी असे, त्यामुळे ते नेहमी नुकतेच एखाद्या नाटकातून काम करून आल्यासारखे दिसत. बोलणे अत्यंत कमी. धुराड्याच्या अलीकडे एक लोखंडी खोली होती, तिच्यात उंच कापडी पिशव्या टांगलेल्या असत. धूर त्यांतून गाळून मगच वर जावा अशी योजना होती. पिशव्या फाटल्या होत्या आणि धूर ओढणारा पंखा वीज खातो म्हणून बंद ठेवला जाई. तपासणी असली की आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांना कसा कोण जाणे सुगावा लागे, आणि ते भट्टीपाशी येऊन आप्पांना एवढेच सांगत, "केरबा, उद्या पाहुणे." मग पन्नीच्या ढिगावर ताडपत्री पडे, पंखा सुरू होई आणि एक दिवस आमच्या वस्तीवर निळे आकाश दिसे. लहानपणी माझी समजूत होती की प्रदूषण खात्याचे साहेब येतात तेव्हा आकाशही अदबीने उभे राहते.

आप्पा भिंतीआड जे काळे करीत, त्याच्या अगदी उलट माझी आई छपरावर करीत असे. चैत्र लागला की ती गहू तीन दिवस भिजत घाली, रोज पाणी बदली, मग ते वाटून, गाळून त्यांचा चीक काढी. तो शिजत असताना घरभर एक आंबूस, गोडसर वास भरे, आणि पातेल्याच्या कडेचा गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल-मीठ घालून खाण्यासाठी मी आणि माझी धाकटी बहीण भांडत असू. आजही एखाद्या लग्नात भरघोस जेवण पुढे आले तरी मला त्या वाटीची आठवण येते आणि केटररबद्दल माझे मत प्रतिकूल होते. आई सोऱ्याने पांढऱ्या धोतरावर कुरडया घाली. एकीसारखी दुसरी, जणू शिक्का मारल्यासारखी. मंडईजवळच्या बोळात एका काकांचे दुकान होते, तिथे काचेच्या बरणीवर 'शेवाळेबाईंच्या कुरडया' अशी चिठ्ठी लावलेली असे. रेशनकार्ड, घराची पावती, गॅसचे पुस्तक, सगळे आप्पांच्या नावावर होते. आमच्या आईच्या नावावर या जगात ती एक बरणी होती.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की धुराड्यातली काजळी त्या धोतरावर उतरे. बारीक, तिळाएवढी, झटकली तर पसरणारी. आई ती सुईने टिपून काढी. त्या वर्षी मात्र पन्नी फार आली होती, आणि सुई कमी पडली. गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात मी आईबरोबर पहिला डबा घेऊन दुकानात गेलो, तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवून एक कुरडई जवळून पाहिली.

"वहिनी, मिरी पापडात घालतात. कुरडईत घालायची पद्धत आपल्या माहेरची का?"

"मिरी न्हाई काका, काजळी हाय. कारखान्याची."

"असेल. पण गिऱ्हाइकाच्या दाताला तिचा पत्ता विचारता येत नाही." त्यांनी डब्याचे झाकण लावून तो आमच्याकडे सरकवला. "वैशाख संपेपर्यंत पांढऱ्या आणा, घेतो. नाहीतर या बरणीत शेंगदाण्याची चटणी ठेवीन. तिच्यावर काही पडलं तर दिसत तरी नाही."

घरी आल्यावर तिने डबा फळीवर ठेवला, पदराने हात पुसले आणि मला म्हणाली, "तू येवढं वाचतूस, लिहितूस. एक अर्ज लिही."

हे तिने मलाच का सांगावे, याचा खुलासा करणे आवश्यक आहे. मी दहावीच्या गणितात दोनदा अनुत्तीर्ण झालो होतो, आणि तिसऱ्यांदा बसण्यापूर्वी गणिताने स्वतःत काही सुधारणा करावी अशी माझी अपेक्षा होती. परंतु माझे शिक्षण थांबले नव्हते. आप्पा रद्दीतून माझ्यासाठी पाठकोरे कागद आणीत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अभ्यास करावा असा त्यांचा हेतू होता. मी अभ्यास केला तो लिहिलेल्या बाजूवर. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सदर इसमाने', 'उचित कार्यवाही होणेस विनंती' हे सारे मी कचेऱ्यांच्या टाकाऊ दप्तरांतून शिकलो. महाविद्यालयात जाऊन जे भाषा बिघडवून येतात त्यांना हा लाभ मिळाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्या कागदांत एक चिठोरे मी जपून ठेवले होते. सुतळीने करकचून आवळल्यामुळे त्याची डावी कड कापली गेली होती, आणि पहिल्या ओळीत एवढेच उरले होते: 'सर्जनाची विहित मर्यादा ओलांडल्यास संबंधित कारखान्याविरुद्ध कारवाई करण्यात येईल.' कारखाना, मर्यादा, कारवाई. मला हवे ते सर्व त्यात होते. फक्त शब्दाचा आरंभ सुतळीने नेला होता. पुण्यात वाढलेल्या मुलाला 'सर्जन'च्या आधी काय येते हे कोणाला विचारावे लागत नाही. मी निःशंकपणे 'वि' लावला.

अर्ज मी एका बैठकीत पुरा केला. 'विषय : कारखान्याचे धुराड्यातून होणारे बेसुमार विसर्जन तात्काळ थांबविणेबाबत.' खाली मजकूर होता: 'महोदय, सदर कारखान्यात अहोरात्र विसर्जन चालू असून त्यामुळे अर्जदार महिलेचे खाद्यपदार्थ काळे पडत आहेत. तरी सदर विसर्जनाची विहित मर्यादा ठरवून देऊन ती ओलांडल्यास कडक कारवाई व्हावी.' आईला वाचून दाखवले. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने फक्त विचारले, "इसर्जन म्हंजे धूर व्हय?" मी म्हणालो, "सरकारी भाषेत." ती समाधान पावली.

मग सह्यांसाठी आम्ही वस्तीत फिरलो. प्रत्येक घराच्या वाळवणावर काजळी होती आणि प्रत्येक घरातला माणूस कारखान्यात होता. शेजारच्या पारूमावशी सांडगे निवडत होत्या. त्यांनी अर्जाकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

"आमच्या सांडग्यावर बी पडतंय की. पर सई? तुझ्या आईला म्हणावं, सांडगं काळं झालं तर दात काळं हुतील. भोंगा बंद झाला तर चूल बंद हुईल."

"मावशी, ही सनदशीर मार्गाने केलेली विनंती आहे."

"आसंल बाबा. तुझा सनदी मार्ग आमच्या दारावरनं नेऊ नगंस."

एकही सही मिळाली नाही. आई म्हणाली, "मग माझी येकलीची कर." मी खाली नाव घातले: सौ. अनुसया केरबा शेवाळे. तिने पेन हातात घेतले आणि थांबली.

"तुझ्या आप्पांचं नाव मधी येतंय की रं."

"कायद्याने यावेच लागते," मी म्हणालो.

तिने बराच वेळ त्या मधल्या शब्दाकडे पाहिले. भट्टी गेली तर केरबा शेवाळे जाणार आणि भट्टी राहिली तर बरणी जाणार, एवढे तिला त्या तीन शब्दांच्या ओळीत दिसत होते. मला फक्त अक्षराचे वळण दिसत होते. तिने सही केली.

अर्ज मी रजिस्टर्ड टपालाने योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला. पुढे काय झाले ते मी नंतर आईच्या नावे आलेल्या पोचपावत्यांच्या शिक्क्यांवरून जुळवले. आवक घेणारा कारकून अर्ज वाचत नाही, विषय वाचतो. या तत्त्वावर माझा पुढचा सगळा व्यवसाय उभा आहे. त्याने 'विसर्जन' वाचले आणि कागद दुसऱ्या एका कार्यालयाकडे पाठवला, जे गणेशोत्सवाची व्यवस्था, हौद आणि घाट पाहत असे. उत्सवाला चार महिने अवकाश होता, त्यामुळे तिथल्या साहेबांना काम नव्हते. माझ्या अनुभवात शासनाची गती एवढ्या एकाच कारणाने वाढते.

वैशाखाच्या अगदी सुरुवातीच्या एका दुपारी मी आप्पांचा डबा घेऊन भट्टीवर गेलो होतो. भाकरी, पिठले, ठेचा आणि कांदा. मॅनेजरसाहेब जेवायला घरी गेले होते. फाटकावरच्या रखवालदाराला पाहुण्यांची वर्दी नव्हती, म्हणून त्याने पांढऱ्या शर्टातल्या, बगलेत फाईल धरलेल्या एका गृहस्थांना सरळ आत सोडले. आप्पा फावड्याने पन्नी भट्टीत टाकत होते. ढिगावर ताडपत्री नव्हती, पंखा बंद होता.

"इथला हौद कुठे आहे?" गृहस्थांनी विचारले.

आप्पांनी फावड्याने अंगणाकडे दाखवले. साहेब जाऊन लगदा पाहून आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. भक्तांनी कशाचे काय करून ठेवले आहे असे त्यांना वाटले असावे.

"विसर्जन इथेच होतं?"

आप्पांनी तो शब्द ऐकून क्षणभर कपाळाला आठी घातली. "हुतं."

"कधी?"

"भट्टी चालू आसंल तवा रोजच."

"रोज!" साहेबांनी लिहून घेतले. "उंची किती?"

"शंभर फूट आसंल."

साहेबांचे पेन थांबले. "शंभर फुटी? पुण्यात? आणि विसर्जन त्या हौदात?"

"हौदात न्हाई सायेब. वर."

"वर कुठे?"

आप्पांनी नुसते बोट केले. साहेबांनी मान वर केली, आणि अगदी त्याच वेळी धुराड्याने आपली बाजू मांडली. काळा लोट निघाला, वाऱ्याने तो खाली दाबला आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर, चष्म्यावर आणि उघड्या फाईलवर तिळाएवढी काजळी पडू लागली. त्यांनी ती झटकली. ती पसरली.

"अहो, हा काय प्रकार आहे? अर्जात तर विसर्जन म्हटलंय!" असे म्हणून त्यांनी फाईलमधला कागद आप्पांच्या पुढे धरला.

आप्पांना वाचायला फारसे येत नव्हते. परंतु पाठकोऱ्या कागदांवर माझे अक्षर त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांनी कागद पाहिला, मग डबा धरून उभ्या असलेल्या मला पाहिले. त्या क्षणी माझ्या हातातला डबा फार जड झाला, एवढेच मी प्रतिज्ञेवर सांगू शकतो. आप्पा काहीही बोलले असते तरी चालले असते. "पोरानं चुकून लिवलंय, सायेब" एवढे म्हटले असते तरी ते गृहस्थ शर्ट झटकत निघून गेले असते.

"हे काय जाळता तुम्ही?" साहेबांनी पन्नीकडे बोट करून विचारले.

"पन्नी."

"परवानगी आहे?"

"न्हाई," आप्पा म्हणाले आणि माझ्या हातातून डबा घेतला. "बसा सायेब. भाकरी खाता का?"

ते गृहस्थ प्रामाणिक होते, आणि त्यांचा शर्ट नवा होता. त्यांनी अहवालात लिहिले की सदर ठिकाणी कोणत्याही मूर्तीचे विसर्जन आढळले नाही, मात्र प्लास्टिक जाळले जात असून धूर गाळण्याची यंत्रणा बंद आहे, व निरीक्षकाच्या अंगावर काजळी पडली. एका कार्यालयाचा अहवाल दुसऱ्या कार्यालयाकडे आला की त्याला केराची टोपली दाखवता येत नाही, कारण पहिल्याकडे त्याची पोच असते. आठवड्याभरात कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली: धूर गाळणाऱ्या पिशव्या दुरुस्त करून फेरतपासणी होईपर्यंत बॉयलर बंद. मी गर्दीत पुढे जाऊन ती सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या ओळीत 'उत्सर्जन' असा शब्द आला. मी तिथे अडखळलो. पारूमावशींनी विचारले, "काय झालं रं? नीट दिसंना व्हय?" छपाईची चूक आहे, असे मी सांगितले. पुढे कित्येक वर्षे मी हेच सांगत आलो. आज कारखान्यांच्या फाटकावर तोच शब्द लाल दिव्यांच्या अक्षरांत झळकतो आणि खाली आकडे पळत असतात. मी तिकडे पाहत नाही.

मशीन थांबले. पहिल्या दिवशी तान्ही मुले रडली, मग त्यांनाही सवय झाली. आप्पा घरी बसले. भट्टीवाल्या माणसाला घरात काय काम असणार? आईने त्यांना छपरावर कुरडयांची राखण करायला बसवले. ज्या माणसाने बावीस वर्षे तिच्या धोतरावर काजळी पाडली तो हातात काठी घेऊन त्याच धोतरावरचे कावळे हाकू लागला. वस्तीतले लोक जाता-येता वर पाहून म्हणत, "केरबा, फेरतपासणीला कावळे येत्यात व्हय?" आप्पा काठी आपटत.

आठ-दहा दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावले आणि अर्जाची प्रत पुढे ठेवली. बोलणे अगदी सभ्य होते, असे आप्पांनी नंतर सांगितले. "केरबा, शेवाळे आडनावाची माणसं पुष्कळ असतात, पण मधलं नाव आपलंच दिसतं. घरच्या वहिनींना म्हणावं, अर्ज गैरसमजातून केला होता, असं दोन ओळींत लिहून द्या. मग भट्टी आपलीच. नाहीतर आम्हांला दुसरा माणूस पाहणं आलं." आप्पा तसेच छपरावर आले. आई ओल्या कुरडया परतत होती, मी सावलीत बसून माझ्या दुसऱ्या अर्जाच्या भाषेचा विचार करीत होतो. कोणासाठी ते अजून ठरले नव्हते.

"लिव्हा, वकीलसाहेब," आप्पा म्हणाले. त्यांनी मला या नावाने हाक मारण्याची ती पहिली वेळ होती, आणि तीत कौतुक नव्हते. "अर्ज मागं घ्यायचाय."

मी आईकडे पाहिले. तिने कुरडया परतणे थांबवले नाही. "लिही की. त्यांची भट्टी हाय, त्यांचं पोट हाय, आपलं बी हाय. पर मी सई करायची न्हाई. ती अनुसयेची सई हाय. तुमच्या नावावर येक सुडून समदं हाय. त्या बरणीत तेवढं माझं."

"बरणी!" आप्पा म्हणाले. "बरणीपायी भट्टी घालवतीस व्हय?"

"तुम्ही भट्टीपायी बरणी घालवलीच की, अवं. म्या कधी अर्ज केला?"

खाली मशीन नव्हते, त्यामुळे तिचे शब्द फारच ऐकू आले. आप्पा धोतराशेजारी उकिडवे बसले. त्यांनी एक वाळलेली कुरडई उचलली आणि उजेडाकडे धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली, एक एक पदर तपासला, तपासणीच्या साहेबासारखा. तिच्यात एकही ठिपका नव्हता. ऊन तिच्यातून आरपार येत होते.

"येवढी पांढरी आसती व्हय ही?" ते म्हणाले.

"आसती," आई म्हणाली.

त्यांनी कुरडई जागच्या जागी ठेवली आणि मला म्हणाले, "लिव्हा. मी केरबा शेवाळे, बॉयलरवर बावीस वर्सं फायरमन." मी लिहू लागलो. ते जे सांगत गेले ते मागे घेण्याचे नव्हते. पन्नी किती वर्षे जळते, पंखा केव्हा चालतो आणि केव्हा नाही, "उद्या पाहुणे" कोण म्हणते. पिशव्यांच्या बाहेरच्या दोन रांगा आता शिवून घेतल्या आहेत, पण आतल्या सगळ्या फाटक्याच आहेत आणि आतले दार उघडल्याशिवाय त्या दिसत नाहीत, हेही. माझ्या आयुष्यात मला इतका नेमका मजकूर सांगणारा पक्षकार भेटलेला नाही. मी एका शब्दाशी थांबलो.

"उत्सर्जन," आप्पा म्हणाले. "उ, मग अर्धा त. इसर्जन न्हाई."

"आपल्याला कसं माहीत?"

"भट्टीच्या दारावर पत्र्याची पाटी हाय. दर खंडेनवमीला तिला म्या पुसतो, हार घालतो. बाकीचं वाचता येत न्हाई, पर तेवढा शबुद दर वर्साला येकदा वाचतो." ते थांबले. "इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं."

त्यांनी सही केली. फेरतपासणीला प्रदूषण खात्याचे साहेब आले तेव्हा आप्पांनी स्वतः जाऊन तो अर्ज हातात दिला. आतले दार उघडले गेले. कारखाना आणखी आठवडाभर बंद राहिला, सगळ्या पिशव्या नव्या बसल्या, पंखा चालू झाला, आणि आप्पांना भट्टीवरून काढून रद्दीच्या अंगणात गठ्ठे सोडायला बसवले. नोकरीवरून काढले नाही, कारण त्यांचे नाव आता दोन कार्यालयांच्या फाइलींत होते. वैशाख संपायला चार दिवस असताना आई डबा घेऊन मंडईत गेली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, इतक्या पांढऱ्या? पावडर-बिवडर नाही ना लावत?"

"आधी आमचे हे काळं लावायचे," आई म्हणाली, "आता लावत न्हाईत."

काकांनी बरणी पुढे ओढून भरली. चटणीबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, मी कचेरीबाहेर टेबल मांडू लागलो होतो तेव्हा, एका संध्याकाळी आप्पा पाळीवरून आले. हात-पाय धुऊन ते ओट्यावर बसले आणि चहा बशीत ओतून म्हणाले, "आज तुझा अर्ज आला हुता."

"कुठला?"

"पयला. कचेरीचा गठ्ठा सुटला, त्यात. तुझं अक्षर लांबनं वळखलं. इसर्जनाला कुणी लाल शाईनं गोल केलाय, बाजूला दोन-चार प्रश्नचिन्हं."

मी हात पुढे केला. माझ्या पहिल्या यशाचा कागद मला फ्रेम करून टेबलामागे लावायचा होता. आजही लावला असता. "द्या की."

"आणला न्हाई. पाठकोरा नव्हता. दोन्ही अंगांनी शिक्के."

"मग काय केलंत त्याचं?"

आप्पांनी बशी रिकामी केली, मिशा पुसल्या आणि इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याकडे बघून हसले.

"हौदात सोडला," ते म्हणाले. "हात जोडलं, आन् म्हणलं, पुढच्या वर्षी लवकर या."